मुलगी पदवीसाठी अमेरिकेतील खासगी विद्यापीठात जात आहे : डायनिंग हॉल, मैदान आणि क्लब यांविषयी मार्गदर्शन हवे

चैत्रपालवी

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका खासगी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी जात आहे. प्रवेश, व्हिसा आणि आर्थिक साहाय्य यांविषयीच्या येथील जुन्या धाग्यांचा आम्हाला अतिशय उपयोग झाला. परंतु वर्गाबाहेरचा दिवस कसा असतो, असे विचारले की ओळखीतली मुले एमएसचे अनुभव सांगतात. चौघांनी मिळून घेतलेली भाड्याची जागा, पाळीपाळीने केलेला स्वयंपाक आणि उरलेला सगळा वेळ प्रयोगशाळेत, असे ते चित्र असते. माझ्या मुलीला पहिली दोन वर्षे डॉर्ममध्येच, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहातच, राहावे लागणार आहे, मील प्लॅन घेणे सक्तीचे आहे, आणि विद्यापीठाने पाठवलेल्या यादीत तीनशेहून अधिक क्लब आहेत. ती यादी वाचून ती हरखून गेली आहे आणि मी धास्तावले आहे.

तिने आतापर्यंत सतरा क्लबांवर खुणा केल्या आहेत. ती शाकाहारी आहे, शाळेत बॅडमिंटन खेळत असे, आणि तिला पोहता येत नाही. मील प्लॅन किती जेवणांचा घ्यावा, खेळ पुढे चालू ठेवता येतो का, आणि क्लबांच्या नादात अभ्यास मागे पडतो का, हे प्रत्यक्ष तेथे शिकलेल्यांनी किंवा ज्यांची मुले तेथे आहेत अशा पालकांनी सांगावे, अशी विनंती आहे.

मोजपट्टी

चैत्रपालवी ताई, मुलीचे अभिनंदन. माझा मुलगा अशाच एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे मील प्लॅनविषयी आकडे मांडूनच सांगतो. साधारणपणे प्लॅनचे दोन भाग असतात. पहिला भाग स्वाइपचा, म्हणजे ओळखपत्र यंत्रावर फिरवून डायनिंग हॉलमध्ये एकदा प्रवेश करण्याचा आणि आत गेल्यावर हवे तेवढे जेवण्याचा. दुसरा भाग पॉइंट्सचा, म्हणजे कॅम्पसवरील कॉफीच्या दुकानात किंवा रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या काउंटरवर डॉलरसारखे खर्चता येणाऱ्या शिलकीचा. आठवड्याच्या हिशेबाने मिळणारे स्वाइप बहुतेक ठिकाणी त्या आठवड्याच्या अखेरीस बाद होतात, आणि पॉइंट्स फार तर वर्षअखेरपर्यंत टिकतात.

आम्ही पहिल्या सेमिस्टरला काळजीपोटी आठवड्याला एकोणीस जेवणांचा प्लॅन घेतला आणि पस्तावलो. मुलाचा पहिला तास दहाला असल्यामुळे तो न्याहारीला क्वचितच जात असे, आणि शनिवार-रविवारी मित्रांबरोबर बाहेर जेवत असे. सोयीसाठी असे धरा की चौदा जेवणांचा प्लॅन सेमिस्टरला ३,५०० डॉलर आहे आणि सेमिस्टर पंधरा आठवड्यांचे आहे. सगळी २१० जेवणे जेवली तर एक जेवण साडेसोळा डॉलरच्या थोडे वर पडते. १४० च जेवली तर तेच जेवण पंचवीस डॉलरचे होते. प्लॅन कमी करण्यासाठी सेमिस्टरच्या सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांची मुदत असते आणि ती उलटली की कोणीही ऐकून घेत नाही. आमचा अर्ज चार दिवस उशिरा गेला, कार्यालयाने नियमावर बोट ठेवले, आणि ते पैसे गेलेच. तुम्ही सक्तीच्या प्लॅनमधला सर्वांत लहान प्लॅन घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

दक्षिणवारा

मोजपट्टी काका, मुदतीविषयी तुम्ही लिहिले आहे ते प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. तरीही सर्वांत लहान प्लॅन घेण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगते. मी अशाच विद्यापीठातून पदवी घेतली आणि त्यांतील दोन वर्षे आठवड्याला दहा तास डायनिंग हॉलमध्ये काम केले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, आणि नव्या मुलांना सर्वांत लवकर मिळणारे काम बहुधा हेच असते.

आमच्या दाराशी कार्ड तपासायला ज्या बाई बसत, त्यांना शेकडो मुलांची नावे पाठ होती. त्या वर्षी एक नवी मुलगी रोज संध्याकाळी पाच वाजता, दार उघडताच येत असे, जेवण डब्यात भरून घेत असे आणि पाच मिनिटांत निघून जात असे. बाहेर नेण्यासाठी हिरवे, धुऊन पुन्हा वापरायचे डबे आम्ही ठेवत होतो. तीन आठवडे हे पाहिल्यावर एका संध्याकाळी बाईंनी तिला सांगितले की डबे आज धुवायला गेले आहेत, तू आतच जेव. डबे माझ्या मागच्या फळीवर रचलेले होते. ती दाराजवळच्या टेबलावर कोट न काढता बसली. थोड्या वेळाने त्याच टेबलावर तिच्या रसायनशास्त्राच्या वर्गातली दोन मुले येऊन बसली, आणि भांडी परत करण्याच्या पट्ट्यावर तिचे ताट आले तेव्हा सात वाजून गेले होते. पुढच्या वर्षी त्या तिघांनी एकत्र खोल्या घेतल्या. मी लहान प्लॅनच्या विरोधात का आहे, ते एवढ्यावरून लक्षात यावे. स्वाइप शिल्लक नसले की मूल खोलीत बसून काहीतरी गरम करून खाते, आणि पहिल्या सेमिस्टरला ते फार महागात पडते.

एकत्र राहण्या-जेवण्याची ही योजना मुळात हेतुपूर्वक आखलेली आहे. एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थाच्या देणगीतून १९३० पासून हार्वर्डची हाउसेस आणि १९३३ पासून येलची रेसिडेन्शियल कॉलेजेस उभी राहिली. विद्यापीठ मोठे होत चालले होते आणि वर्ग संपल्यावर मुले पांगत होती; म्हणून त्यांची लहान लहान वस्त्यांत विभागणी करायची, प्रत्येक वस्तीला स्वतःचे भोजनगृह द्यायचे आणि काही प्राध्यापकांनाही तेथेच राहायला व जेवायला बोलवायचे, असा तो विचार होता. आज हार्वर्डमध्ये अशी बारा हाउसेस आहेत आणि येलमध्ये चौदा कॉलेजे आहेत. हार्वर्डमधील पहिल्या वर्षाची मुले हाउसमध्ये जाण्यापूर्वी वर्षभर ॲननबर्ग या एकाच प्रचंड सभागृहात जेवतात, म्हणजे त्या वर्षी प्रवेश घेतलेली सगळी मुले एका छताखाली असतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात १९५७ पासून अशीच कॉलेजे आहेत आणि तेथे फ्रॅटर्निटी-सोरोरिटी, म्हणजे निवडक सदस्यांची मुलांची आणि मुलींची मंडळे, नाहीतच.

शाकाहाराविषयी : मोठ्या डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी आणि व्हीगन पदार्थांचा स्वतंत्र काउंटर असतो आणि प्रत्येक पदार्थापुढे घटकांची पाटी असते. अडचण एकसुरीपणाची आहे. तिसऱ्या आठवड्यापासून मुले पास्ता आणि सॅलड यांवर येऊन थांबतात आणि प्रथिने कमी पडतात. बहुतेक मोठ्या कॅम्पसवर आहारतज्ज्ञ असतात आणि त्यांची भेट बहुधा विनामूल्य असते. ती पहिल्याच पंधरवड्यात घ्यावी. ॲलर्जी किंवा सीलिॲक (गव्हातील ग्लुटेन न चालणारा विकार) असेल तर तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. मॅसॅच्युसेट्समधील लेस्ली विद्यापीठाशी अमेरिकेच्या न्याय विभागाने डिसेंबर २०१२ मध्ये केलेल्या तडजोडीतून हे स्पष्ट झाले की प्लॅन सक्तीचा असेल, तर अशा विद्यार्थ्यांच्या जेवणाची योग्य सोय करणे हे अपंगत्वविषयक कायद्यानुसार विद्यापीठाचे कर्तव्य आहे.

मोजपट्टी

दक्षिणवारा, तुमचा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला की त्याचेही सगळे मित्र पहिल्या सेमिस्टरला डायनिंग हॉलमध्येच झाले. माझे मत मी एवढ्यापुरते बदलतो की पहिल्या सेमिस्टरला चौदा जेवणांचा प्लॅन घ्यावा, आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मुदतीच्या आदल्या आठवड्यात किती स्वाइप शिल्लक राहतात ते पाहून पुढचा निर्णय करावा.

कातरवेळ

मी पीएचडी करत असताना चार वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात निवासी सल्लागार म्हणून राहिलो. ताई, तुम्हाला एमएसचेच अनुभव का ऐकायला मिळतात, याचे उत्तर आकड्यांत आहे. परदेशी विद्यार्थ्यांची दरवर्षी मोजदाद करणाऱ्या ओपन डोअर्स अहवालानुसार २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यांपैकी सुमारे १ लाख ९७ हजार पदव्युत्तर अभ्यासक्रमांना होते आणि पदवीचे केवळ ३६ हजारांच्या आसपास. त्यामुळे आपल्यात फिरणारे बहुतेक सल्ले ज्यांनी डॉर्म पाहिलेच नाही अशा प्रामाणिक माणसांचे असतात. ‘मील प्लॅन म्हणजे पैसे वाया’ हे वाक्य तिकडूनच येते. त्यांच्यासाठी ते खरेही असते.

जेवणाच्या टेबलाला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायला हवी. सोबत बसून जेवणे माणसांना जोडते, तसेच कोणाला बसू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार मिळाला की तेच टेबल माणसांना तोडते. प्रिन्स्टन विद्यापीठातील ईटिंग क्लब हे याचे ठळक उदाहरण. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे बरेच विद्यार्थी प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यूवरील या क्लबांत जेवतात. त्यांतील आयव्ही क्लब १८७९ चा आहे. काही क्लबांत नाव नोंदवले की प्रवेश मिळतो, तर काहींत ‘बिकर’ नावाची निवडप्रक्रिया पार करावी लागते. प्रिन्स्टनने १९६९ मध्ये मुलींना पदवीसाठी प्रवेश दिला, तरी काही क्लब मुलांपुरतेच राहिले. सॅली फ्रँक या विद्यार्थिनीने १९७९ मध्ये त्याविरुद्ध तक्रार दाखल केली, आणि न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला तो १९९० मध्ये. तोपर्यंत तिचे प्रिन्स्टनमधले शिक्षण संपून दहा वर्षे झाली होती. मला या लढ्याविषयी मनापासून आदर वाटतो, कारण जेवणाच्या जागेचा प्रश्न किरकोळ आहे असे तिला अनेकांनी सांगितले असणार.

पाऊलखूण

खेळाविषयी मी लिहितो. अमेरिकेतील विद्यापीठीय खेळाचे तीन थर असतात आणि ते एकमेकांत मिसळले की नवे विद्यार्थी नाउमेद होतात. वरचा थर व्हर्सिटीचा : विद्यापीठाचा अधिकृत संघ, पगारी प्रशिक्षक, आणि बहुतेक खेळाडू शाळेत असतानाच निवडलेले. मधला थर क्लब स्पोर्टचा : इतर विद्यापीठांशी सामने होतात, पण संघ विद्यार्थी चालवतात, वर्गणी काढतात आणि गाडीही स्वतःच हाकतात. तिसरा थर इंट्राम्युरलचा : कॅम्पसमधल्या कॅम्पसमध्ये, डॉर्म विरुद्ध डॉर्म, आणि तेथे यायला फक्त बूट लागतात. बॅडमिंटन व्हर्सिटीत जवळजवळ कोठेच नाही, परंतु क्लब म्हणून अनेक ठिकाणी आहे. ताईंच्या मुलीने तेथे पहिल्याच आठवड्यात जावे.

खासगी विद्यापीठांत खेळाला किती महत्त्व असते, याचे एकच उत्तर देता येत नाही. ड्यूक विद्यापीठात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या बास्केटबॉल सामन्यासाठी मुले हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून रांग धरतात. प्रत्येक तंबूत बारा जणांची नोंद असते आणि कोणीतरी सतत हजर असावे लागते, म्हणून मिडटर्मचा अभ्यासही तंबूतच होतो. याउलट शिकागो विद्यापीठाने, जे बिग टेन या बलाढ्य गटाचे संस्थापक सदस्य होते आणि ज्याच्या जे बर्वँगरला १९३५ मध्ये विद्यापीठीय अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला हाइझमन चषक मिळाला होता, अवघ्या चार वर्षांनी म्हणजे १९३९ मध्ये फुटबॉल बंदच केला, कारण अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना तो विद्यापीठाच्या कामात अडथळा वाटत होता. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्ड या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागाराखालीच २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. फुटबॉल तेथे १९६९ मध्ये परतला, पण लहान प्रमाणावर. आयव्ही लीग या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या गटातील आठही विद्यापीठे, तसेच शिकागो, एमआयटी, एमोरी यांसारखी एनसीएए या विद्यापीठीय क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळणारी विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथला खेळाडू आपल्या शेजारच्याच बाकावर गणिताचा पेपर लिहीत असतो.

मला विशेष प्रिय आहे तो कॅलटेक या कॅलिफोर्नियातील विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ. १९८५ पासून हा संघ आपल्या गटातील सलग ३१० सामने हरला. २२ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांनी ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६-४५ असे हरवले. मधल्या सव्वीस वर्षांत अनेक मुले पहिल्या वर्षी संघात आली, चार वर्षे सराव केला आणि गटातील एकही विजय न पाहता पदवी घेऊन गेली. त्यांनी संध्याकाळ वाया घालवली, असे मला एकदाही वाटलेले नाही.

मी स्वतः कधीही खेळाडू नव्हतो. पहिल्या वर्षी क्लबच्या रोइंग संघात गेलो, कारण क्लबांच्या मेळाव्यात त्यांच्या टेबलावर बसलेल्या मुलीने अनुभव लागत नाही असे सांगितले. सव्वापाचला नदीवर हजर व्हायचे. साठ फूट लांबीची होडी आठ जणांनी खांद्यावर घेऊन धक्क्यापर्यंत न्यायची, आणि ती पाण्यात ठेवताना सुकाणूच्या मुलीने शब्द दिल्याशिवाय कोणीही हात सोडायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात माझे वल्हे पाण्यात उलटे अडकले, त्याचा दांडा छातीवर बसला आणि सगळी होडी थांबली. कोणीही मागे वळून पाहिले नाही. सुकाणूवरून फक्त ‘पाच, तयार झालास की सांग’ असा आवाज आला. पाच म्हणजे माझी जागा. तळहाताचे फोड नोव्हेंबरपर्यंत घट्टे झाले. त्या सेमिस्टरला माझे गुण घसरतील अशी घरी सर्वांना भीती होती, पण घडले उलटेच : पहाटे उठायचे असल्यामुळे रात्री अकराच्या आत असाइनमेंट संपवणे अंगवळणी पडले.

पोहता येत नाही याची चिंता नको, मात्र आपल्या विद्यापीठाचा नियम वाचून ठेवा. एमआयटी, कॉर्नेल येथे पदवीसाठी पोहण्याची चाचणी किंवा तिच्याऐवजी पोहण्याचा कोर्स आजही आहे. एमआयटीत शिवाय शारीरिक शिक्षणाचे चार कोर्स करावे लागतात, आणि त्यांत धनुर्विद्या, तलवारबाजी, पिस्तूल व शिडाची होडी असे चार केले तर ‘पायरेट’ म्हणून प्रमाणपत्र मिळते. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी हा कोर्स वरदान आहे; प्रौढपणी इतक्या सहज, इतक्या चांगल्या प्रशिक्षकाकडे शिकण्याची संधी पुन्हा मिळत नाही.

चैत्रपालवी

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. मुलीने पोहण्याच्या कोर्सचा शोध घेतला. तिच्या विद्यापीठात तो सक्तीचा नाही, पण आहे. आता एक शंका. तेथील एका सीनिअर विद्यार्थ्याने तिला सांगितले की कन्सल्टिंग आणि गुंतवणुकीच्या क्लबांत अर्ज, दोन मुलाखती आणि मग नकार, असा प्रकार असतो. आधीच एवढी मोठी प्रवेशप्रक्रिया पार करून आलेल्या मुलांना पुन्हा क्लबसाठी मुलाखत का द्यावी लागते? आणि नकार आल्यावर त्या वयात काय वाटत असेल?

अक्षरओळ

ताई, मला पहिल्या वर्षी चार क्लबांनी नकार दिला होता, म्हणून हे मी लिहिले पाहिजे. सप्टेंबरमध्ये हिरवळीवर क्लबांचा मेळावा भरतो, शेकडो टेबले मांडलेली असतात, आणि प्रत्येक टेबलावर ईमेल लिहायला वही असते. मी बावीस वह्यांत नाव लिहिले. दोन आठवड्यांत इनबॉक्स भरून गेला आणि चार नकारही त्यातच आले; एकाचा तर रूममेटच्या निवडीच्या पत्रानंतर दहाच मिनिटांनी. त्या रात्री मला वाटले की प्रवेश देतानाच विद्यापीठाची चूक झाली असावी. हे वाटणे अगदी सर्वसामान्य आहे, परंतु तेव्हा ते कोणी बोलत नाही. मुलाखती घेणारी मुलेही एकोणीस-वीस वर्षांचीच असतात. आपला क्लब किती जणांना नाकारतो यावर त्याची पत ठरते असे त्यांना वाटते, आणि भरतीला येणाऱ्या कंपन्या त्या पतीकडे पाहतात असा समज त्यात भर घालतो. माझ्या मते ही प्रथा वाईट आहे. विद्यार्थी-उपक्रमांचे शुल्क सगळ्यांकडून सारखे घेतले जाते, तर त्यातून पैसा घेणाऱ्या क्लबाने निदान पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी काही जागा मुलाखतीविना ठेवाव्यात.

त्याच आठवड्यात मी विद्यार्थी वृत्तपत्राच्या कार्यालयात गेलो, कारण तेथे जिना चढून जाणे एवढीच अट होती. पहिला महिनाभर मी फक्त मथळ्यांची लांबी जुळवत होतो. रात्री दीड वाजता पान छपाईला जाण्यापूर्वी संपादिका प्रत्येक नाव मोठ्याने, अक्षर अक्षर वाचत असे आणि ज्याने बातमी लिहिली त्याने ते वहीतून पडताळून ‘हो’ म्हणायचे. एकदा मी न पाहताच ‘हो’ म्हणालो. तिने पेन खाली ठेवले आणि वही मागितली. नाव बरोबर होते, तरीही तिने मला सगळी बातमी पुन्हा पडताळायला लावली. आज मी जे काम करतो ते मी त्या टेबलावर शिकलो.

अशा वृत्तपत्रांना हौशी समजू नये. हार्वर्ड क्रिम्सन १८७३ पासून निघते. १९७१ मध्ये पोलिसांनी स्टॅनफर्ड डेलीच्या कार्यालयाची छायाचित्रांसाठी झडती घेतली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांनी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९७८ मध्ये ते हरले, पण त्या निकालामुळेच अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, १९८० मध्ये वृत्तसंस्थांना झडतीपासून संरक्षण देणारा कायदा केला. त्याच वृत्तपत्रातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या शोधनिबंधांविषयी केलेल्या वृत्तांकनानंतर चौकशी झाली आणि २०२३ मध्ये अध्यक्षांनी पद सोडण्याचे जाहीर केले.

क्लब केव्हा कोठे घेऊन जाईल, ते आधी सांगता येत नाही. एमआयटीच्या रेल्वे मॉडेल क्लबात, जो १९४६ चा आहे, रुळांचे सिग्नल जोडणारी मुलेच पुढे संगणकाकडे वळली, आणि संगणकाच्या संदर्भात ‘हॅक’ हा शब्द त्यांच्याच बोलण्यातून पसरला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील काही भारतीय वंशाच्या मुलांनी १९९६ मध्ये वाद्यांशिवाय हिंदी-इंग्रजी गाणी गाणारा पेन मसाला हा गट काढला, आणि २००९ मध्ये तो व्हाइट हाउसमध्ये दिवाळीला गायला. क्लब नसेल तर स्वतः काढता येतो. बहुतेक ठिकाणी नियमावली, ठरावीक सदस्यसंख्या, पदाधिकारी आणि एक सल्लागार एवढे लागते. खरी परीक्षा वसंत ऋतूत होते, कारण तेव्हा विद्यार्थी-परिषदेच्या वित्त समितीपुढे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडून प्रत्येक खर्चाचा जाब द्यावा लागतो.

कातरवेळ

अक्षरओळ यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण खासगी विद्यापीठ म्हटल्यावर ही गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती सरकारवर बंधन घालते, म्हणून ती सरकारी विद्यापीठांना लागू होते. खासगी विद्यापीठांना थेट लागू होत नाही. तेथे क्लबाला मान्यता देणे, वक्ता बोलावू देणे किंवा निदर्शनांची जागा ठरवणे हे विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेवर अवलंबून असते. कॅलिफोर्नियात १९९२ च्या लिओनार्ड कायद्याने धर्मनिरपेक्ष खासगी विद्यापीठांवरही तसेच बंधन घातले आहे, हा अपवाद. तेव्हा मुलीने क्लबात पदाधिकारी होण्यापूर्वी ती पुस्तिका शांतपणे वाचावी. एफ-१ व्हिसाच्या विद्यार्थ्याला शिस्तभंगाच्या कारवाईत निलंबन झाले तर तो प्रश्न फक्त विद्यापीठापुरता राहत नाही.

आणि पालकांसाठी : विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यापीठ मुलांचे गुण पालकांना परस्पर कळवत नाही. मुलीचा अभ्यास मागे पडतो आहे का, हे तुम्हाला तिच्याकडूनच कळेल. म्हणून फोनवर गुण विचारण्याआधी ‘आज कोणाबरोबर जेवलीस’ असे विचारत जा. चार वर्षांत ज्या मुलांविषयी मला खरी काळजी वाटली, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. सात क्लबांत असलेल्या मुलांनासुद्धा.

चैत्रपालवी

नोव्हेंबर लागला, म्हणून कळवते. आम्ही चौदा जेवणांचाच प्लॅन घेतला आणि मुदतीपूर्वी तपासून तोच ठेवला. सतरा क्लबांपैकी आता दोन उरले आहेत. कन्सल्टिंगच्या क्लबाने मुलाखतीनंतर नकार दिला आणि ती दोन दिवस फोनवर फार कमी बोलली. मी कातरवेळ यांचा प्रश्न विचारला. उत्तर आले, ‘बॅडमिंटनच्या मुलींबरोबर, त्यांतल्या एकीलाही नकार आला आहे.’ आता ती मंगळवारी आणि गुरुवारी खेळते, आणि रेडिओ स्टेशनवर आठवड्यातून एकदा रात्री तासभर जुन्या ध्वनिमुद्रिकांची नोंद करते. पोहण्याचा कोर्स पुढच्या सेमिस्टरला घेणार आहे. आहारतज्ज्ञांची भेट झाली, आणि न्याहारीला दही व शेंगदाण्याचे लोणी रोज असावे असे ठरले. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत डायनिंग हॉल चार दिवस बंद आहे हे मात्र आम्हाला आता कळले. ती काय करणार, या विचाराने मला चैन पडत नाही.

दक्षिणवारा

ताई, आजच करायच्या गोष्टी सांगते. तिने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करावा; अनेक ठिकाणी प्राध्यापक आणि कर्मचारी थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावतात आणि नावनोंदणी साधारण आठवडाभर आधी बंद होते. डॉर्मच्या सामाईक स्वयंपाकघराची किल्ली कोणाकडे असते ते रेसिडेंट असिस्टंटला, म्हणजे डॉर्मची देखरेख करणाऱ्या विद्यार्थ्याला, विचारून ठेवावे, आणि बुधवारी संध्याकाळपूर्वी किराणा आणावा, कारण गुरुवारी दुकाने आणि बस दोन्ही बंद असण्याची शक्यता असते. डिसेंबरच्या सुट्टीत डॉर्मही बंद होते का, हे त्याच ईमेलमध्ये विचारावे. राहण्याची परवानगी लागत असेल तर त्या अर्जाची मुदत बहुधा थँक्सगिव्हिंगच्या आसपासच असते. आणि बॅडमिंटनच्या मुलींपैकी कोण कॅम्पसवर थांबणार आहे, ते तिने आज जेवतानाच विचारावे.

चैत्रपालवी

ईमेल गेला. दोघी थांबणार आहेत, आणि स्वयंपाकघराची किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या रेसिडेंट असिस्टंटकडे आहे.